बरणीतलं तळं

९ जून

प्रिय आत्या,

फोन करणार होतो. पण तुझे कान आयुष्यभर पाण्यात गेले ते गेलेच. फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि निम्मं स्वतःच्या मनाचं घालतेस. ही गोष्ट अशी आहे की तिच्यात मनाचं घालून चालणार नाही, म्हणून पत्र.

तळ्याच्या वरच्या अंगाला नळ आणि सायकलींची हँडलं चमकवणारा कारखाना होता ना? ज्याच्या भिंतीवर बसून मी तुझ्या पोरांना पोहताना बघायचो? तो बंद पडून जमाना झाला, पण त्याचं सांडपाणी तळ्यात यायचं. त्यातलं जस्त, निकेल, थोडं कॅडमियम तळाच्या गाळात जाऊन बसलंय. नगरपालिकेने तो गाळ तपासायला आमच्या प्रयोगशाळेत पाठवला. गाळाचं काम करणारा इथे मी एकटाच, त्यामुळे तो माझ्याच टेबलावर आला.

मी तो काचेच्या उंच नळ्यांमध्ये भरला, वर स्वच्छ पाणी घातलं आणि वाट बघितली. धातू गाळातून पाण्यात उतरतायत. हळूहळू, पण थांबत नाहीयेत. तसा अहवाल मी दिलाय. सही माझी आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

सोमवारपासून तळं बंद होईल. वर्षअखेरीला मोठे साहेब ठरवतील: सगळा गाळ उपसायचा, की भराव घालून तळंच बुजवायचं. बुजवणं सोपं पडतं म्हणे.

तुझे वर्ग बंद होणार, मला कळतंय. रागाव, हवं तेवढं बोल, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
बगळ्या


१६ जून

बगळ्या,

सूनबाईला आशीर्वाद. अहवालावर तिची सही नाही म्हणून फक्त तिलाच.

काठावर उभा राहून पाय न भिजवणाऱ्या पोराला मी बगळ्या म्हटलं तेव्हा तुझी आई माझ्यावर आठवडाभर रुसली होती. आता तिला सांग, नाव बरोबर ठेवलं होतं. सगळ्या गावाला पोहायला शिकवलं आणि सख्खा भाचा कोरडाच्या कोरडा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि आता काठावर बसून तळंच आटवायला निघालास!

सोमवारी दोन माणसं आली. पायऱ्यांच्या फाटकाला साखळी घातली, कुलूप ठोकलं, वर फलक लावला. पोरं खांद्यावर टॉवेल टाकून उभी. चिमणी तर चष्मासुद्धा चढवून आली होती पोहायचा. तिला या वर्षी तळं पार करून शिंपला मिळवायचा होता. तुला आठवत असेल, काठाला सापडणारा रिकामा शिंपला, पार करणाऱ्याला मी देते तो, आतून सुईने त्या वर्षाचं साल कोरून. तुझ्याकडे नाही, त्यामुळे आठवत नसेल कदाचित. मी नातीला काय सांगू? तुझ्या मामाने नळीत चिखल भरला, घरी चल?

एक विचारते, सहजच. गाळातून पाण्यात उतरतं म्हणतोस ते साधारण कधीपासून उतरत असेल? घाई नाही, सवडीने कळव.

ट्रकवाल्याबरोबर एक बरणी पाठवते आहे. ट्रकवाला म्हणजे माझ्या अगदी पहिल्या वर्गातला, अजून ब्रेक मारताना श्वास रोखतो. बरणीत आपल्या पायरीजवळचा चिखल आहे आणि वर तळ्याचं पाणी. झाकणाला भोकं पाडलीत, तेव्हा आडवी धरू नकोस. मला तळं मिळत नाही, तर तुझ्याही डोळ्यांसमोर थोडं असू दे. रोज बघ आणि रोज लाज वाटून घे.

आत्या


१ जुलै

प्रिय आत्या,

बरणी पोचली. थोडं पाणी ट्रकवाल्याच्या मांडीवर पोचलं, पण तो म्हणाला, "बाईंचं आहे, चालतं." स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. तुझी सूनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ह्यांच्या आत्याचा राग आहे तो, हात लावू नका."

तीन दिवस नुसता गढूळ काला होता. मग पाणी निवळलं आणि बघतो तर काय, आत वस्ती आहे! केसासारखे बारीक लाल किडे, डोकं चिखलात खुपसून शेपटं वर काढून डुलत असतात. चिलटांच्या अळ्या आहेत, चिखलात नळीसारखी घरं करून राहणाऱ्या. एक बोटाच्या पेराएवढा शिंपलाही आहे, दिवसातून एकदा इंचभर सरकतो आणि दमतो. सूनबाई त्यांना पाहुणे म्हणते आणि पाणी कमी झालं की घालते.

तू विचारलंस ते: कारखाना सुरू झाल्यापासून धर, म्हणजे चाळीसेक वर्षं.

तुझ्या वर्गांचं मी साहेबांशी बोललोय. नगरपालिकेचा बंदिस्त तलाव आहे, तिथे सकाळचा एक तास तुला मिळू शकेल. फरशी आहे, गरम पाण्याची सोय आहे. विचार कर. रागाच्या भरात नाही म्हणू नकोस.

तुझा,
बगळ्या


८ जुलै

बगळ्या,

पत्र मिळालं. चाळीस. बरं.

चिमणीला घेऊन शहरात जाते आहे, माझे कान दाखवायला. काही दिवस पत्र पाठवू नकोस. बंदिस्त तलावात साहेबांनाच शिकव.

आत्या


४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतोय. इतकी वर्षं मागे लागलो तेव्हा कुठे कान दाखवायला गेलीस, तेवढं तरी माझ्या अहवालाने साधलं. पण तुझं मागचं पत्र चार ओळींचं होतं. तू चार ओळींत कधी रागावत नाहीस, म्हणून जिवाला चैन नाही.

आता ऐक. कुणाला सांगू नकोस, अजून नक्की नाही.

मी रोज बरणीसमोर उभा राहतो बघून सूनबाई म्हणाली, "नुसतं काय बघताय देवासारखं? तपासा तरी." मी बरणीतलं पाणी घेऊन गेलो आणि तपासलं. धातू जवळजवळ नाहीच! मला वाटलं, माझीच चूक. पुन्हा तपासलं. तेच. गाळ त्याच तळ्याचा, माझ्या नळ्यांमधलं पाणी वाईट आणि तुझ्या बरणीतलं चांगलं.

मग डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे रीत आहे, गाळ आला की आधी चाळणीतून काढायचा. काड्या, शंख, किडे, अळ्या सगळं बाहेर, म्हणजे प्रत्येक नळीत सारखा गाळ जातो. शिकलो तेव्हापासून हेच करतोय, कधी मनात शंकाही आली नाही. आत्या, मी बिऱ्हाडं बाहेर काढून रिकाम्या घराची पाहणी केली आणि लिहून दिलं की इथे चूल पेटत नाही.

हे किडे दिवसभर चिखल उकरतात, बिळं करतात आणि वरचं ताजं पाणी आत ओढतात. त्या पाण्याबरोबर हवा आत जाते. तुमच्या गाळात लोखंड भरपूर आहे, ते बिळांच्या भिंतीला गंजतं, आणि तो गंज जस्ताला, निकेलला धरून ठेवतो. भिंगाखाली बघितलं, प्रत्येक बिळाला आतून तपकिरी गिलावा आहे.

पण लगेच नाचू नकोस. उकरल्याने उलटंही होतं. अशीही तळी आहेत जिथे ह्याच किड्यांनी खालचं विष वर आणलं. म्हणून नव्याने दोन प्रकारच्या नळ्या लावल्यात, काही किड्यांसकट, काही किड्यांशिवाय. पहिल्या आठवड्यात किड्यांच्याच नळ्या वाईट निघाल्या. मी जेवलो नाही दोन दिवस. आता त्या उतरायला लागल्यात. साहेबांकडून मुदत मागून घेतली आहे.

शिव्या देण्यापुरतं तरी पत्र लिही.

तुझा,
बगळ्या


१० ऑगस्ट

बगळ्या,

कान गेले खड्ड्यात. मी शहरात कानांसाठी गेले नव्हते. चिमणीचं रक्त तपासायला गेले होते.

तुला वाटलं, वर्ग बंद झाले म्हणून आत्याला राग आला. राग पहिल्या पत्रात होता, तो बरणीत भरून तुला दिला आणि संपला. मग तू चाळीस वर्षं लिहिलंस आणि मी बोटांवर मोजत बसले. चाळीस वर्षं म्हणजे माझा पहिला वर्ग. म्हणजे ट्रकवाला. म्हणजे माझी लेक, तुझी ताई, जिला मी धड बोलता यायच्या आधी पाण्यात उतरवली. तिची चिमणी. निम्मं गाव, बगळ्या.

आणि पोर घाबरलं, नाकातोंडात पाणी गेलं की मी काय म्हणायचे माहीत आहे? "पोटात गेलं तर काही होत नाही रे, घोटभर पी आणि हात मार." माझं ठरलेलं वाक्य. पोरं त्याची नक्कल करायची. आता कुणी रस्त्यात भेटून "बाई" म्हणून हाक मारली की मला ते वाक्य ऐकू येतं, आणि मला एरवी काही ऐकू येत नाही. बाजाराला मी मागच्या गल्लीने जाते. ट्रकवाल्याला मूल होत नाही, मला वाटतं माझ्यामुळे. परवा शेजारचा म्हणाला हाडं दुखतात, मी घरी येऊन पडून राहिले.

ताईला अजून काही बोलले नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुलीला काही होतंय का?" मी म्हटलं, "तिला नाही, मला होतंय." रक्ताचा निकाल यायचा आहे.

तुझ्या किड्यांचं वाचलं. आज चांगलं दिसतंय म्हणतोस, तर चांगलं. पण मला मागचं सांग. मी पोरांना विषात पोहायला शिकवलं का? धीर देऊ नकोस. धीर मी जन्मभर दुसऱ्यांना दिलाय, तो कसा पोकळ देतात मला ठाऊक आहे. खरं असेल ते लिही.

आत्या


१२ ऑगस्ट

आत्या,

पत्र वाचून चहा तसाच राहिला. ट्रकवाला आज निघतोय, म्हणून घाईत लिहितो.

मी गाढव आहे. तळ्याचं पाणी, म्हणजे ज्यात पोरं पोहतात ते, मी मे महिन्यातच तपासलं होतं. ते स्वच्छ होतं! पुढे गाळातून उतरेल या भीतीने तळं बंद केलं, उतरलेलं सापडलं म्हणून नाही. हे मी तुला पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. मला ते इतकं उघड वाटलं की लिहिलंच नाही. आणि तू विचारलंस तेव्हा चाळीस असं लिहून टाकलं, जणू कुणी बसची वेळ विचारली.

पण तू मागचं विचारतेस आणि पोकळ धीर नको म्हणतेस. म्हणून खरं सांगतो: कारखाना जोरात होता तेव्हाचं पाणी मला माहीत नाही. कुणीच जपून ठेवलेलं नाही.

तू मात्र ठेवलंयस. शिंपला अर्धा गाळात रुतून जन्मभर तेच पाणी आत घेतो, बाहेर टाकतो आणि कवच थराथराने वाढवतो. पाण्यात धातू असले तर थोडेथोडे त्या थरांत बसतात. तू आतून साल कोरलेले शिंपले घरोघरी असतील. शिंपला सगळंच सांगत नाही, पण पाणी खरोखर वाईट असतं तर तो लपवणार नाही. जुने, नवे, मिळतील ते पाठव. कापावे लागतील, आधीच सांगतो.

ट्रकवाल्याला मूल नसणं, शेजाऱ्याची हाडं, हे तू स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस. आणि ताईशी बोल. एकटी कुढत बसू नकोस.

तुझा,
बगळ्या


२७ ऑगस्ट

बगळ्या,

आधी चांगली बातमी. चिमणीच्या रक्तात काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नात ठणठणीत आहे, आजीचा रक्तदाब बघायला हवा." म्हटलं, बघा, काय बघायचं ते बघा! येताना चिमणीने आइस्क्रीम मागितलं, मी दोन घेतली. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा सोबतच्या खोक्यात आहे, जपून उघड.

ताईला सांगितलं. ती आधी चिडली, इतके दिवस एकटीने का काढलेस म्हणून. मग आम्ही दोघी मिळून दारोदार गेलो. शिंपले मागायला म्हणजे मला सांगावंच लागलं का ते. वाटलं, दारं तोंडावर आपटतील. एका घरी आपटलंही. पण बाकीच्यांनी काय काय शोधून काढलं! एकीने त्यात बटणं ठेवली होती. एकाकडे साबण. शाळेतल्या मास्तरांचा चौकटीत लावलेला, काच फोडून दिला. ट्रकवाल्याने समोरच्या काचेजवळचा उपटला, गोंदासकट. सगळ्यांत जुना तोच. म्हणाला, "कापा बाई, पण अर्धा परत द्या." मी त्याला तोंडावरच विचारलं, रागावलास का रे माझ्यावर? तो म्हणाला, "बाई, मी नदीत दोनदा पडलो गाडीसकट. पोहता येत नसतं तर आज शिंपला मागायला कुणाकडे आला असतात?"

मग मी त्याच्या ट्रकच्या पायरीवर बसून मनसोक्त रडले.

ज्या घरी दार आपटलं, ती बाई दुसऱ्या दिवशी येऊन शिंपला ठेवून गेली. तिचाही खोक्यात आहे. तिच्यासाठी तरी लवकर कळव.

आत्या


३० सप्टेंबर

प्रिय आत्या,

या वेळी पहिल्याच ओळीत: तू कुणालाही विषात पोहायला शिकवलं नाहीस.

आता सावकाश वाच. सगळे शिंपले कापले, थर न् थर तपासला. ट्रकवाल्याच्या शिंपल्यात, म्हणजे कारखाना जोरात असतानाच्या, जस्त थोडं वाढलेलं दिसतं. पण अपाय व्हायला लागतं त्याच्या आसपासही नाही. पुढच्या सालांत ते कमी होत गेलंय. त्या दार आपटणाऱ्या बाईंचा शिंपला सगळ्यांत स्वच्छ निघाला, त्यांना माझा नमस्कार सांग. तुझ्या पोरांनी पाणी घोट घोट प्यायलं असेल, बादल्या नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाई हिशेबाला फार कडक आहेत, त्यांनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत्यांना झोपायला सांगा."

नळ्यांचंही ठरलं. किड्यांच्या नळ्या पहिले काही आठवडे बिघडल्या आणि मग सुधारल्या त्या सुधारल्याच. बिनकिड्यांच्या अजून झिरपतायत. म्हणजे इतकी वर्षं तळाशी ही मंडळी खपत होती म्हणून वर तुझे वर्ग चालले. सगळा गाळ उपसला असता तर बिळंही गेली असती आणि धरून ठेवलेलं सगळं सुटलं असतं.

नवा अहवाल दिलाय, त्यात जुना का चुकला तेही लिहिलंय. साहेब म्हणाले, "म्हणजे किड्यांच्या भरवशावर तळं उघडायचं?" मी म्हटलं, "भरवसा त्यांचा, पहारा आपला. दर महिन्याला पाणी तपासू." कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी मात्र धातू इतके आहेत की किडेही टिकत नाहीत. तेवढा कोपरा बांध घालून वेगळा काढतील आणि साफ करतील. आणि तळ्यातले मासे, शिंपले खायचे नाहीत, मासे हेच किडे खाऊन वाढतात आणि शिंपले गाळातच रुतलेले असतात. गळ टाकून बसणाऱ्या काकांना हे तूच समजाव, माझं ऐकणार नाहीत.

बुजवणार नाहीत, आत्या. अकरा ऑक्टोबरला फाटक उघडतंय. मी येतोय, बरणी घेऊन.

तुझा,
बगळ्या


१४ ऑक्टोबर

लाडक्या बगळ्या,

पोचलास ना सुखरूप? सर्दी झाली असेल. सूनबाईला म्हणावं, वाफ दे.

तू घाईने निघालास म्हणून बोलायचं राहिलं. त्या दिवशी साखळी काढली, फाटक उघडलं, आणि सगळं गाव काठावर नुसतं उभं. आईबाप पोरांचे हात घट्ट धरून. फलक वाचतायत, माना हलवतायत, पण पाय कुणी भिजवेना. मला वाटलं, संपलं. कागदावर स्वच्छ असून काय उपयोग, मनातून गेलं ते गेलं. आणि आता तुला सांगते, माझेही पाय पायरीवर अडकले होते. मी, चाळीस वर्षं रोज उतरणारी! तुझं पत्र उशाशी घेऊन झोपत होते, तरी पाण्याकडे बघितलं की नजर फिरवत होते.

तेवढ्यात तू बूट काढायला लागलास.

ट्रकवाल्याच्या हाफपँटमध्ये दोन बगळे मावले असते. एका हाताने ती धरलेली, दुसऱ्या हाताने कठडा. एकेक पायरी उतरत गळ्यापर्यंत गेलास. तुझे दात वाजत होते ते मला ऐकू आले. मला! मग त्या दार आपटणाऱ्या बाईने विचारलं, "साहेब, कसं आहे पाणी?" आणि एवढे अहवाल लिहिणारा तू काय म्हणालास? "गार."

पहिली ती बाईच हसली. मग सगळेच. आणि चिमणीने धाडकन उडी मारली ती तुझ्या डोक्याशेजारी, तुझ्या नाकातोंडात पाणी गेलं, तू खोकायला लागलास, आणि काठावरून दहा-बारा गळे एका सुरात ओरडले, "घोटभर प्या आणि हात मारा!" माझी पोरं. ट्रकवाल्याचा आवाज सगळ्यांत मोठा. मी त्या वाक्याला तीन महिने भीत होते रे. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मीच पाण्यात कधी उतरले मला कळलं नाही.

बरणी पायरीपाशी ओतलीस ते बरं केलंस. चिमणीने पाहुण्यांना टाटा केलं. बरणी धुऊन, पुसून, लिमलेटच्या गोळ्या भरून परत दिलीस, पण पाण्यात होतास तोवर हात कठड्यावरून काढलास का? नाही.

चिमणीने परवा तळं पार केलं. तिला शिंपला दिला. ती म्हणाली, मामालाही दे, तो पण घाबरत घाबरत उतरला. मी म्हटलं, नाही. पार केल्याशिवाय कुणाला मिळालेला नाही, तुझ्या आईलाही नाही. पण काठाचा एक चांगला रुंदसा काढून ठेवलाय, ताकाच्या रंगाचा. आत साल कोरलेलं नाही. तू पलीकडे पोचशील ते कोरीन.

मला घाई नाही. पुढच्या वेळी हाफपँट तुझी आण.

आत्या